'कोर्ट' आणि सारांशलेखन

मराठी चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक आजवर पाच वेळा मिळालं. १९५४ साली, म्हणजे ही पारितोषिकं सुरू झाली त्याच वर्षी, आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. मग पन्नास वर्षं काही नाही. २००४ साली 'श्वास'. २०१२ साली 'देऊळ' (तेही ब्यारी भाषेतल्या एका चित्रपटाबरोबर विभागून), २०१५ साली 'कोर्ट' आणि २०१७ साली 'कासव'. पहिल्या दोन चित्रपटांना लोक रुमाल घेऊन गेले आणि ओला करून परत आले. 'देऊळ'ला हसले. 'कासव' आमच्या ओळखीत फारसा कुणी पाहिलेलाच नाही. भांडणं झाली ती 'कोर्ट'वरून!

म्हणजे आमच्याच घरात झाली असं नाही. त्या वेळी शाळेतल्या जुन्या मैत्रिणींचा आमचा महिन्याचा कट्टा असायचा, तिथेही दोन तट पडले होते. "एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे त्यात? कॅमेरा एका जागी ठेवून दिग्दर्शक चहा प्यायला गेला की काय?" असं एक बाई म्हणाल्या होत्या. दुसरीचं म्हणणं, परदेशात नावाजलं की आपण नावाजायचं, हे आपलं नेहमीचंच. तेही अगदीच खोटं नाही. चैतन्य ताम्हाणे या सत्तावीस वर्षांच्या मुलाचा हा पहिलाच मोठा चित्रपट. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये व्हेनिसला त्याला दोन बक्षिसं मिळाली, मार्चमध्ये सुवर्णकमळ जाहीर झालं आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे लागला. म्हणजे बक्षिसं आधी आणि प्रेक्षक नंतर. वरातीमागून घोडं. नंतर ऑस्करसाठी भारताकडून तोच गेला. (तिथे पुढे काही झालं नाही. त्या वर्षी ते बक्षीस हंगेरीच्या 'सन ऑफ सॉल'ला मिळालं.)

मी तेव्हा तो मॉलमधल्या थिएटरात दुपारच्या खेळाला पाहिला होता. आमचं शहर तेव्हा औरंगाबाद होतं. जेमतेम वीसेक माणसं होती, मध्यंतरानंतर त्यातली चार-पाच कमी झाली. मला आवडला होता, पण का ते नीट सांगता येत नव्हतं. शिक्षकाला हे फार खुपतं! उत्तर बरोबर आलंय, पण रीत दाखवता येत नाही, असं झालं की अर्धेच गुण.

परवा पुन्हा पाहिला. भाचा म्हणावा तर भाऊ रागावेल, भावाचा मुलगा पुण्याहून आला होता, त्याने मोबाइल टीव्हीला जोडून दिला. सोबत आमचे भाऊजी. यांना मुद्दाम बसवलं, कारण यांची सगळी नोकरी कोर्टात कारकुनीत गेली. आणि भाजी निवडता निवडता आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई. एवढी वेगवेगळी परीक्षक मंडळी व्हेनिसलासुद्धा नसतील.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नारायण कांबळे नावाचे पासष्टीचे एक लोकशाहीर आहेत. घरी मुलांच्या शिकवण्या घेतात, संध्याकाळी वस्त्यांमधून गाणी म्हणतात. एका कार्यक्रमात स्टेजवर असतानाच पोलीस त्यांना पकडून नेतात. आरोप काय? तर मुंबईत वासुदेव पवार नावाचा गटारात उतरून सफाई करणारा कामगार मेला, आणि म्हणे यांचं गाणं ऐकून त्याने आत्महत्या केली. पुढे दोन तास हा खटला चालतो. म्हणजे चालत नाही, तारखा पडतात. मध्येमध्ये कॅमेरा बचावाच्या वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकीलबाईंच्या घरी जातो, शेवटी जजसाहेबांच्या सहलीला जातो. बस्स. कुणी टेबलावर मूठ आपटत नाही. 'दामिनी'तल्या सनी देओलसारखं तर कुणीच ओरडत नाही.

आमच्या पिढीला कोर्ट म्हटलं की तेंडुलकरांच्या बेणारे बाई आठवतात. ('शांतता! कोर्ट चालू आहे' रंगभूमीवर आलं १९६७ साली. बेणारे बाई शिक्षिका, त्यामुळे आम्हा शिक्षिकांना त्या जरा जास्तच जवळच्या.) तिथलं कोर्ट खोटं होतं, खेळातलं होतं, पण शब्द सुरीसारखे. इथे उलटं आहे. कोर्ट खरं, आणि शब्द सगळे बोथट, फायलीत लावून ठेवलेले. अर्ध्या तासात भाऊजी म्हणाले, "वहिनी, यात नवीन काय आहे? हे तर मी पस्तीस वर्षं बघितलं. यासाठी तिकीट कोण काढणार?"

त्यांच्या या तक्रारीतच मला रीत सापडली.

सिनेमातल्या जजसाहेबांकडे नीट बघा. साक्षीदार मराठीत, हिंदीत बोलतो. लांबण लावतो, अडखळतो, मध्येच भलतंच सांगतो. जज ऐकतात आणि टाइप करणाऱ्याला इंग्रजीत एक वाक्य सांगतात. तेवढं वाक्य नोंदीत जातं, बाकीचं हवेत. आता मी तीसेक वर्षं काय शिकवलं? सारांशलेखन! खालील उताऱ्याचा एक तृतीयांश शब्दांत सारांश लिहा व योग्य शीर्षक द्या. दाखले गाळा, पुनरुक्ती गाळा, अलंकार गाळा. जजसाहेब तेच करतायत, उत्तम करतायत, माझ्या वर्गात असते तर पैकीच्या पैकी दिले असते. फक्त इथे उतारा म्हणजे एक माणूस आहे.

हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. माझ्या वडिलांचा बांधावरून भाऊबंदांशी दावा होता, अकरा वर्षं चालला. बांधावर एक लिंबाचं झाड होतं, ते कुणी आणि कधी लावलं यावर बरंच काही अवलंबून होतं. आमच्या जुन्या सालगड्याची साक्ष झाली, तेव्हा वडिलांना सोबत म्हणून मी गेले होते. म्हातारा छान बोलला. झाड पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली लावलं, तेव्हा रझाकारांच्या भीतीने अर्धं गाव रात्री रानात झोपायचं, त्याची थोरली लेक तेव्हा रांगत होती, झाडाला पाणी घालायला तो मडकं घेऊन यायचा... सगळं सांगितलं. मराठवाड्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, पोलीस ॲक्शन म्हणजे सप्टेंबर १९४८. आदलं साल म्हणजे १९४७. यापेक्षा स्पष्ट तारीख ती कोणती? पण म्हाताऱ्याच्या तोंडून आकडा काही आला नाही. आणि कागदावर उतरलं ते असं, की साक्षीदारास लागवडीचे वर्ष सांगता आले नाही.

वडील घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुढे दावा आपसात मिटवला. झाड त्यांच्याकडे गेलं.

तर 'कोर्ट' लांबतो, कंटाळा आणतो, असं जे म्हणतात, त्यांना माझं उत्तर हे आहे. हा सिनेमा सारांश लिहायला नकार देतो. कोर्ट ज्या गोष्टी गाळतं त्या तो गाळत नाही, उलट त्यांच्यापाशीच बसून राहतो. कामगाराच्या विधवेची साक्ष आठवा. (उषा बाणे यांनी ती भूमिका केली आहे. त्या नटी नव्हेत. त्यांच्या नवऱ्याचं कामही हेच होतं, आणि त्या पात्राचं बोलणं पुष्कळसं त्यांच्याच आयुष्यातून आलेलं आहे.) वकील विचारतात, ती उत्तर देते. नवरा मास्क-बिस्क काही घालायचा का? नाही. मग आत विषारी वायू आहे की नाही ते कसं कळायचं? झुरळं दिसतात का बघायचा. खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं की समजायचं आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. एक डोळा गेलेला होता, याच कामात. दारू प्यायचा, कारण त्याशिवाय तो वास सोसत नाही. हे सगळं ती अशा आवाजात सांगते जसं आपण भाजीचा भाव सांगतो. रडत नाही. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा जवळ जात नाही. 'श्वास' असता तर इथे व्हायोलिन वाजलं असतं (आणि मी रडले असते, 'श्वास' मलाही आवडतो). इथे तसं होत नाही, आणि त्यामुळे ते झुरळ डोक्यातून जात नाही.

ताई भाजी निवडायच्या थांबल्या होत्या. त्यांच्या मालकांनी काही वर्षं एका ठेकेदाराकडे ड्रेनेजच्या चेंबरचं काम केलं होतं, हे मला माहीत होतं. मला वाटलं त्या त्याबद्दल काही बोलतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "बाई, मग पैसे भेटले का तिला?"

मी म्हटलं, बघू या पुढे. पुढे काही नाही! सिनेमा संपला तरी त्याचं उत्तर मिळत नाही. मग मलाच लक्षात आलं, की त्या संपूर्ण खटल्यात हा प्रश्न कुणालाच पडत नाही. गाणं कुणी लिहिलं यावर तारखांमागून तारखा. शाहिराच्या घरातल्या पुस्तकांवर चर्चा. पोलिसांचा ठरलेला साक्षीदार, जो आणखी दोन-चार खटल्यांतही पंच म्हणून उभा राहिलेला आहे. इंग्रज अमदानीतली कलमं. पण त्या माणसाला मास्कशिवाय त्या भोकात उतरवलं कुणी? तो आरोपी पिंजऱ्यात नाहीच. दिग्दर्शक हे बोलून दाखवत नाही, कुठल्या पात्राच्या तोंडी भाषण घालत नाही. ते आमच्या ताईंनी एका वाक्यात काढून दाखवलं.

(माहितीसाठी सांगते. माणसाला गटारात उतरवून हाताने सफाई करून घेण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख झाली. मी हे ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कागदं कोण करून देतंय?")

आता वकीलबाई. या नूतनबाईंवर मला खरं तर लेख लिहायचा होता. गीतांजली कुलकर्णींनी काय केलंय हो ते काम! कोर्टात या बाई एका म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात डांबण्यासाठी कलमांमागून कलमं वाचतायत, सपाट, भराभर, रेल्वेच्या वेळापत्रकासारखी. मग कोर्ट सुटतं. लोकलमध्ये बसल्या की शेजारणीशी साडीच्या गप्पा. मुलाला घेऊन घरी. पदर खोचून स्वयंपाक. सगळ्यांची जेवणं झाली की कागदपत्रं काढून बसायचं. अहो, ही तर मी! वह्यांचे गठ्ठे घेऊन रात्री जेवणाच्या टेबलावर बसणारी मी, माझ्या सगळ्या मैत्रिणी. नोकरी करून घर सांभाळणारी बाई म्हणून तिच्याबद्दल आपल्याला माया वाटायला लागते. आणि सहकाऱ्यांशी बोलताना तीच बाई म्हणून जाते, की वीस वर्षांची शिक्षा देऊन टाकावी आणि संपवावं एकदाचं. द्वेषाने नाही. कंटाळून. सुट्टीच्या दिवशी घरचे सगळे नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयाची टिंगल आहे, सगळं थिएटर खदखदून हसतं, त्यात ती हसते, नवरा हसतो, मुलं हसतात.

भावाच्या मुलाचं म्हणणं असं, की परदेशी लोकांना आपलं दारिद्र्य दाखवलं की ते बक्षीस देतात. मी त्याला म्हटलं, बाळा, यात दारिद्र्य दाखवलंय कुठे? किती मिनिटं? सुपरमार्केट दाखवलंय, नाटकाचं थिएटर दाखवलंय, रिसॉर्ट दाखवलंय. दाखवलोय ते आपण. उलट व्हेनिसच्या लोकांना यातलं निम्मं पोचलं नसणार. त्या नाटकातल्या हशाची चव त्यांना काय कळणार? जजचं इंग्रजी, नूतनबाईंचं इंग्रजी, विनय व्होरा या गुजराती वकिलाचं बेताचं मराठी आणि शाहिराचं ठाम मराठी, या चार भाषांमधल्या पायऱ्या सबटायटलमध्ये सपाट होऊन जातात. बक्षीस त्यांनी दिलं हे त्यांचं मोठेपण. पण सिनेमा आपल्यासाठी आहे.

आता थोडं लाल शाईने.

कॅमेरा वकिलाच्या घरी जातो, वकीलबाईंच्या घरी जातो, जजच्या सहलीला जातो. शाहिराच्या घरी मात्र अगदी सुरुवातीला, शिकवणीच्या वेळी, तेवढाच. नंतर ते आपल्याला बहुतेक कोर्टात किंवा स्टेजवरच दिसतात. जाणकार म्हणतात हे मुद्दाम आहे, व्यवस्था कोण चालवतं ते दाखवायचंय. असेल. मला तरी ही उणीव वाटते. आम्ही या शहरात राहतो, जिथे बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू केलं, जिथे चौदा एप्रिलला भडकल गेटकडे माणसांचा पूर लोटतो. आंबेडकरी जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी आमच्या कानांवरून गेलेली आहेत. शाहीर म्हणजे नुसता डफ आणि तावातावाने म्हटलेलं गाणं नसतं. त्याच्या घरात भांडणं असतात, मुलांचं शिक्षण असतं, विनोद तर फार असतो. व्होराने सुपरमार्केटमधून काय काय घेतलं ते मला पाठ झालं, पण कांबळेंच्या घरी जेवायला कोण असतं ते कळलं नाही. दिग्दर्शकाला व्होराचं घर आतून माहीत आहे आणि कांबळेंचं बाहेरून, असं मला वाटलं. ज्याने सारांश लिहायचा नाही असं ठरवलं, त्याने इथे मात्र थोडा लिहिला.

ती उणीव जर कुणी भरून काढली असेल तर वीरा साथीदारांनी. नागपूरचे हे कार्यकर्ते, आयुष्य चळवळीत आणि 'विद्रोही' मासिकात गेलेलं. पडद्यावर ते काही करत नाहीत, नुसते उभे राहतात, विचारलं तेवढंच उत्तर देतात आणि स्टेजवर गेले की आवाज लावतात. गाणी संभाजी भगतांची. जामीन मिळून बाहेर आलेला हा माणूस पुन्हा लिहायला-गायला लागतो आणि पुन्हा आत जातो, या वेळी आणखी कडक कायद्याखाली. चेहऱ्यावर ना आश्चर्य ना राग. त्या चेहऱ्यामागचं घर दिग्दर्शकाने नाही दाखवलं तरी ते आहे, हे कळतं. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. आपल्याकडे बातमी छोटीशी आली होती.

तर सुवर्णकमळ योग्य होतं का? माझ्या मते होतं, आणि 'श्वास'पेक्षा काकणभर जास्तच. पण 'अगदी खरं कोर्ट दाखवलंय' म्हणून नव्हे. खरं कोर्ट तर भाऊजींनी पस्तीस वर्षं बघितलं, त्यांना कुठे कुणी कमळ दिलं! आणि त्यांना तरी ते कुठे दिसलं होतं? ते सिनेमाभर तक्रार करत होते. बिनबाह्यांचे कपडे घातलेत म्हणून जज एका बाईंची केस पुढे ढकलतात तिथे मोठ्याने हसले. "असे होते एक आमच्याकडे," म्हणाले. मग शेवटाकडे उन्हाळ्याची सुट्टी लागते. सगळे निघून जातात. कोर्टाची रिकामी खोली, आणि शिपाई एकेक दिवा बंद करत जातो. एक ओळ गेली, दुसरी गेली, मग संपूर्ण अंधार. तो अंधार बराच वेळ तसाच राहतो. थिएटरमध्ये तेव्हा लोकांना संपला वाटलं होतं, दोघंतिघं उठलेसुद्धा होते.

भाऊजी अंधारात बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तो म्हातारा सुट्टीभर आतच राहणार की आता."

पस्तीस वर्षं मे महिन्याची सुट्टी लागताना यांनी सामानाच्या बॅगा भरल्या. कोकणात गेले, काश्मीरला गेले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी काही बोलले नाही. ताईंनी उठून दिवा लावला.

सिनेमा तिथे संपत नाही. जजसाहेब कुटुंबाबरोबर रिसॉर्टला जातात. बोलू न शकणाऱ्या एका मुलाच्या बापाला नाव बदलण्याचा, अंगठीतल्या खड्याचा सल्ला देतात. खटल्यात साक्षीपुरावा मागणारा हाच तो माणूस! इथपर्यंत फार छान. मग बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते, पोरं येऊन कानाशी ओरडतात, पळून जातात, हाती लागलेल्या एकाला साहेब चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. ही चापट मला जरा जुळवून आणल्यासारखी वाटते. दोन तास न बोललेलं दिग्दर्शकाने शेवटच्या मिनिटाला बोलून टाकलं. वर्गात हुशार मुलगा असं करतो, निबंध उत्तम झालेला असतो आणि शेवटी घाईने तात्पर्य लिहून ठेवतो. मी तो अंधारातच संपवला असता.

भावाच्या मुलाला विचारलं तर त्याला नेमकी ती चापटच आवडली होती. "आत्या, दोन तासांत कुणीतरी निकाल तरी दिला!"